चेन घसरते कुठे?

आमच्या आत्याच्या तोंडात स्वतःचे सगळे दात आहेत, आणि आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिने केलेले. ती कवळ्या करते. दाताचे डॉक्टर माप पाठवतात, त्यावरून आत्या प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात दात बसवते, घासते, चकाकवते आणि डबीत घालून परत पाठवते. तिच्या कामाच्या खोलीत शिरलं की फळीवरचे पन्नासेक जबडे एकदम आपल्याकडे बघून हसतात. लहानपणी मी त्यांना घाबरायचे. आता आमच्या घरात मला बघून हसणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे त्यांचाच आधार वाटतो.

त्या जबड्यांच्या वर, दोन खुंट्यांवर, तिची सायकल टांगलेली असते. रेसची, लोखंडी, निळी, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची. गिअरचे खटके हँडलवर नाहीत, खालच्या तिरक्या नळीवर आहेत. गिअर बदलायचा तर एक हात सोडून वाकावं लागतं. आत्याने ती ऐन तरुणपणी एका ड्रॉइंगच्या मास्तरांकडून घेतली, आणि तेव्हापासून रोज सकाळी, काम सुरू करायच्या आधी, घरामागच्या टेकडीच्या रस्त्याने ती वर जाऊन येते. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "आलेल्या सगळ्यांचे दात बघितले गं. एकालाही घास नीट चावता आला नसता." आता साठीच्या पुढे गेली, पण सायकलवर मागून पंचवीसची दिसते. पुढून, दात विचकून चढ चढताना, ती कोणत्याच वयाची दिसत नाही.

गेल्या वर्षी त्याच चढावर, पाण्याच्या टाकीच्या वळणावर, ती पायडलवर उभी राहिली आणि चेन घसरली. उभं राहून सगळा भार टाकलेला असताना चेन घसरली की पायाखालची पायरीच नाहीशी होते. आत्या हँडलवरून थेट रस्त्यावर गेली. हासळीचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधलेला असताना तिची वेणी घालायला माझे बाबा रोज सकाळी वरच्या मजल्यावरून खाली उतरायचे. बाबा तिचे धाकटे भाऊ, आणि सरकारी लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, वेणी घालून झाली की ते ती दोनदा ओढून बघत.

"छोट्या, केस आहेत ते! लिफ्टचे दोर नाहीत!" आत्याची किंकाळी वरपर्यंत ऐकू यायची.

हाड जुळून डॉक्टरांनी सायकलवर बसू द्यायला जवळजवळ वर्ष गेलं. आत्याने सायकलला नवी कोरी चेन घातली, आणि पहिल्याच दिवशी त्याच वळणावर चेन पुन्हा घसरली. या वेळी ती पडली नाही, फक्त नडगी सोलवटली. घरी येऊन निमूटपणे हळद लावून बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण आत्याला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं रंगवून सांगितलं, घसरतानाचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

बाबांच्या हातातला चहाचा कप बशीवर इतक्या जोरात आला की बशीला तडा गेला.

"बास झालं," ते म्हणाले. "ही सायकल भंगारात जाणार."

"माझी सायकल आहे."

"आणि हाड कोणाचं आहे?"

"तेही माझंच!"

"मग वेणी कोण घालणार? तो मी!"

आमच्या घरात हळू आवाजात बोलणं हा आजार समजला जातो, त्यामुळे पुढचं अर्ध्या गल्लीने ऐकलं. शेवटी एक तडजोड झाली. रविवारी टेकडीवर जुन्या सायकलवाल्यांची वर्षातून एकदाची चढाई होती. सगळे पुरुष, आणि एकटी आत्या. गेल्या वर्षी हात गळ्यात असल्यामुळे तिची चुकली होती. यंदा तिला जायचं तर बाबांची अट होती.

"घसरायची थांबली, असं मला सांगू नकोस ताई," बाबा बोट नाचवत म्हणाले. "का घसरत होती ते सांग. बंद पडलेली लिफ्ट आपोआप सुरू झाली तर मी तिला कुलूप लावायचो. 'बहुतेक पडणार नाही' असा शेरा मी उभ्या हयातीत लिहिला नाही. कारण सापडलं तर पास. नाही सापडलं तर रविवारी सायकल मी स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन टाकणार."

"मंजूर!" आत्या म्हणाली. तिला पैज दिसली की पुढचं काही दिसत नाही.

मला राग दोघांचाही आला होता. पण बाबा वर गेल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि नडगीवरची हळद खरवडत हळूच म्हणाली, "अगं, तो म्हणतो ते बरोबरच आहे. मला आता त्या वळणावर उभंच राहवत नाही. गुडघा आपला आपण थांबतो. ज्या पायरीचा भरवसा नाही तिच्यावर पाय कसा टाकू? पण सायकल गेली तर सकाळी उठून मी करू काय? जबड्यांकडे बघत बसू?" तिचे डोळे भरले होते. मी भूगोल शिकवते, सायकलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी त्या क्षणी ठरवलं, की सायकल भंगारात जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सायकल कामाच्या टेबलावर उलटी उभी होती आणि आत्या कपाळाला दिवा बांधून मागच्या दातेरी चक्रांत डोकावत होती. डोळे असे चमकत होते, की जणू कोणीतरी तिला बत्तीस दातांचा राक्षस दुरुस्तीला आणून दिला आहे.

"ये, ये! आपण आधी चोर कुठल्या खोलीत आहे ते बघू," ती म्हणाली. "पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला घसरत असेल तर दोष पुढच्या चक्रात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घसरत असेल तर मागच्या चक्रात. आणि चेनची एखादी कडी आखडली असेल, तर ती कडी मागे आली की घसरणार."

हे मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. तिने माझी नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि चेनच्या एका कडीला लाल ठिपका लावला. घसरली की तिथेच थांबून लाल ठिपका कुठे आहे ते बघायचं. ती सायकल घेऊन गल्लीत गेली, चढाच्या सुरुवातीला दोनदा उभी राहिली, दोनदा "खाड्!" असा आवाज आला, आणि ती धापा टाकत परत आली.

"एकदा ठिपका वर होता, एकदा खाली! म्हणजे कडी निर्दोष. पायडलचा हिशोबही जुळत नाही. चाकाचाही नाही. मनाला येईल तेव्हा घसरते. अगदी छोट्यासारखी!"

मग तिने डोकं चालवलं आणि तिथेच घात झाला. तिच्या धंद्यात एक निळा कागद असतो. नवी कवळी बसवली की डॉक्टर माणसाला तो कागद चावायला देतात. जो दात जास्त टेकतो त्याच्यावर निळा डाग उठतो, आणि तेवढाच भाग घासला की कवळी सुखाने बसते. आत्याने तोच कागद चेन आणि चक्रांच्या मध्ये धरून चेन दाबली. एका चक्राच्या दोन दातांवर गडद निळे डाग उठले.

"सापडला!" ती इतक्या जोरात ओरडली की वरून आईने "काय पडलं?" म्हणून विचारलं. आणि मी अडवायच्या आत तिने पॉलिशचं मशीन सुरू करून त्या दोन दातांची टोकं घासून टाकली.

आता तुमच्या-माझ्या तोंडातला दात टेकला की त्रास होतो. सायकलचा दात टेकण्यासाठीच असतो. त्याने चेन धरून ठेवायची असते. घासल्यावर त्या चक्रावर चेन सपाट रस्त्यावरसुद्धा टिकेना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आत्याने ते चक्र हातात फिरवत दोन मिनिटं बघितलं, मग स्वतःच्या कपाळावर एक चापटी मारली आणि खो-खो हसत सुटली. "चाळीस वर्षं दात घासले गं, हात थांबलेच नाहीत! जाऊ दे. मागे सहा चक्रं आहेत, पाच उरली."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावलं. त्याने चेन ओढून बघितली, इतर चक्रांचे दात बघितले, पायडल हलवून बघितली आणि मान हलवली. "ताई, चढाला तुम्ही लावता ते मोठं चक्र तर नव्यासारखं आहे. चेनही नवी. यात मला काही दिसत नाही. सायकल म्हातारी झाली, दुसरी घ्या."

"म्हातारं होणं हा दोष नाही," आत्या म्हणाली, आणि त्याला चहा न देताच वाटेला लावला.

बुधवारी सकाळी मात्र ती नाचतच जिना चढून आली. संपूर्ण चढ पार केला होता, एकदाही घसरली नाही! तिने आईला मिठी मारली, मला मारली, बाबांना मारायला गेली. बाबा एक पाऊल मागे सरकले.

"कारण?"

"अरे, घसरली नाही ना!"

"उभी राहिली होतीस?"

आत्या हातमोज्याची बोटं ओढायला लागली.

"बसून चढलीस. म्हणजे भार टाकलाच नाहीस. रिकामी लिफ्ट काय, दोरीवरसुद्धा चढते. कारण कुठे आहे?"

मला बाबांचं तोंड दाबावंसं वाटलं. पण सत्य इतकं सरळ होतं की चिडायलाही जागा नव्हती. आत्या जिन्यातच पायरीवर बसली. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "बरोबर आहे. भार पडला तरच दुखतं. आणि भार टाकते तेव्हा मी वर असते. खाली काय होतं ते मला दिसतच नाही. दुसऱ्या कोणी बघायला हवं."

मग गुरुवारी मी तिच्या बाजूने स्कूटर चालवली आणि चेनकडे बघितलं. ती वळणाआधी उभी राहिली, खाड् आवाज झाला, तिने तोल सावरला, आणि मला विचारलं, "काय दिसलं?"

"चेन दिसली."

"कशी होती?"

"काळी."

आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने मी शाळेत मुलांकडे बघते. माझा उपयोग संपला होता. सायकल मी चालवावी आणि तिने बघावं, हेही जमेना. सायकल उंच, आणि मी आईच्या वळणावर गेलेली, पाय पायडलपर्यंत पोचेनात. त्या सायकलला हवेत लांब टांगांचे लोक. तशा टांगा आमच्या घरात आत्याच्या, आणि दुसऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या.

"मी? त्या सापळ्यावर?" बाबा म्हणाले. "कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नाही मी."

"तपासायला नको?" आत्याने डोळे बारीक केले. "का तपासणी फक्त खुर्चीत बसून करायची?"

हा बाण बरोबर लागला. बाबा उठून बूट घालायला लागले.

शुक्रवारी सकाळी शाळेला उशीर होणार हे कळवून मी स्कूटर काढली. बाबांनी सायकलवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक ओढून बघितले, हँडल हलवलं, टायर दाबले, सीटवर थाप मारली. आजूबाजूचे लोक गॅलरीत आले. मग ते बसले आणि पहिल्या दहा-वीस पावलांत दोनदा कुंपणाकडे गेले. "वाकडी आहे ही!" ते ओरडले. नाचता येईना, अंगण वाकडं. पण गल्ली संपेपर्यंत त्यांचे पाय फिरायला लागले, आणि खरं सांगते, मागून ते हुबेहूब आत्यासारखे दिसत होते.

चेन सायकलच्या उजव्या अंगाला असते, म्हणून मी स्कूटर त्यांच्या उजवीकडून नेली. मागे आत्या एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसली होती, एका हाताने माझा दंड धरून, आणि मान इतकी खाली की तिचं नाक जवळजवळ चेनला लागत होतं.

"हळू! आणखी जवळ! अगं, आपटशील! जवळ म्हटलं ना!"

चढ सुरू झाला. बाबा लालबुंद झाले. टाकीचं वळण आलं.

"आता उभा राहा, छोट्या!"

ते उभे राहिले. खाड्! बाबांचा पाय हवेत गेला, सायकल भेलकांडली; पण त्यांनी पाय रस्त्यावर टेकवून स्वतःला सावरलं. मला वाटलं, आता शिव्या पडणार. बाबांनी मात्र मान तिरकी करून कान खाली नेला होता.

"ब्रेक घासतोय," ते म्हणाले. "मागचा. उभं राहिलं की घासतो, बसलं की गप्प. ऐकलंत का?"

"तो घासतोच रे, चाकाच्या तारा सैल असतील—" आत्या म्हणाली आणि मध्येच थांबली. "काय म्हणालास? उभं राहिलं की? परत. परत कर! सायकल ही धरेल, तू नुसता पायडलवर भार दे!"

ती स्कूटरवरून उडी मारून खाली उतरली, रस्त्यावर मांडी घातली, आणि मागचं चाक डोळ्यांच्या रेषेत घेतलं. मी सायकल पुढून धरली. बाबांनी पुढचा ब्रेक दाबून उजव्या पायाने पायडलवर भार दिला. मलासुद्धा दिसलं! चेन जागच्या जागी होती. चक्रांचा सगळा गठ्ठाच तिच्याखाली तिरका होत होता, चाक एका बाजूला कलून ब्रेकच्या रबराला टेकत होतं. भार काढला की सगळं सरळ, साळसूद.

"चेन घसरत नाहीच आहे!" आत्या किंचाळली. "चेन बिचारी जागेवर आहे, खालचं चक्र पळतंय! अरे, दाताचा दोषच नाही, सगळी कवळी हलतेय! दुखतं डावीकडे आणि टेकतं उजवीकडे, हे मी चाळीस वर्षं डॉक्टरांना सांगते, आणि स्वतःच्या सायकलला विचारलं नाही!"

रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली. आत्याने चाकाचा खटका उघडला, चाक बाहेर काढलं. चाकाच्या मधोमध एक पोकळ लोखंडी ॲक्सल असतो, ज्याभोवती चाक फिरतं, आणि त्याच्या पोटातून खटक्याची बारीक सळई आरपार जाते. आत्याने सळईचं टोक फिरवून सैल केलं आणि सळई सर्रकन ओढून काढली. मग बोटाच्या चिमटीत ॲक्सलचं टोक धरलं आणि ओढलं.

ॲक्सल अर्धाच बाहेर आला.

बाकीचा अर्धा दुसऱ्या बाजूने टपकन माझ्या पायावर पडला. ॲक्सल आतल्या आत तुटलेला होता, आणि ती पेन्सिलीपेक्षा बारीक सळई त्याचे दोन तुकडे आणि आमच्या आत्याला एकत्र धरून होती.

"सापडलं!" आत्याने दोन्ही ग्रीसचे हात वर केले आणि भर रस्त्यात गिरकी घेतली. दूधवाला थांबला, त्यालाही तिने तुकडा दाखवला. "बघा! बघा! उगाच नाही घसरत! छोट्या, कारण! हे घे तुझं कारण!"

बाबांनी तुकडा घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून तुटलेली बाजू डोळ्यांजवळ नेली. त्यांचा चेहरा बदलला. तुटलेल्या दोर-सळया बघण्यात त्यांची हयात गेली आहे; कुठली चीर नवी आणि कुठली जुनी हे त्यांना लगेच कळतं.

"हा अर्धा भाग तपकिरी आहे," ते म्हणाले. "गंजलेला. बाकीचा चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती. तू पडलीस त्याच्याही आधीची. नंतर उरलेला तुटला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "ताई, तू यावर उतारानेसुद्धा येत होतीस."

"हो ना!" आत्या अजून नाचत होती. "कसली गुणी सायकल आहे बघ, तरी सोडलं नाही मला!"

बाबांनी तो तुकडा खिशात घातला आणि घरी येईपर्यंत चाक स्वतः उचलून आणलं.

सायकलवाल्याने तुकडे बघून दोन्ही कान पकडले. मग त्याने पत्र्याचे तीन डबे उपडे करून, धुळीत हात घालून, त्याच मापाचा ॲक्सल शोधून काढला, बेअरिंगचे नवे छर्रे दिले आणि वर स्वतःहून चहा मागवला. घासलेल्या दातांचं चक्रही त्याने बदलून दिलं. चाक मात्र आत्याने स्वतः जोडलं, जबड्यांच्या खोलीत बसून. छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये असे बसवले, की मला वाटलं आता यांनाही निळा कागद चावायला देते. चाक हातात धरून फिरवलं तर ते फिरतच राहिलं. तिने ते माझ्या कानाला लावलं. काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या काहीच-नसण्यावर ती लहान मुलीसारखी खूष होती.

शनिवारी सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गेलो. आत्याने हातमोजे चढवले, वेणी पाठीवर टाकली आणि हँडलकडे हात केला. बाबांनी हँडल सोडलं नाही.

"दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये पहिला कोण उभा राहतो माहीत आहे?" ते म्हणाले. "तपासनीस. त्याच्यानंतर बाकीचे."

"अरे, काल कुंपणावर जात होतास!"

"काल तुटका ॲक्सल होता." आणि ते निघालेसुद्धा.

आम्ही खालीच राहिलो. पायथ्यापासून टाकीचं वळण स्पष्ट दिसतं. आत्या आधी टाळ्या वाजवत होती. "गिअर टाक! मोठं चक्र! शाब्बास! कोपर बाहेर काढू नको!" बाबा डुलत डुलत वर जात होते, लहान लहान होत. मग वळण आलं, आणि ते पायडलवर उभे राहिले.

आत्याच्या टाळ्या थांबल्या. तिने माझं मनगट इतक्या जोराने धरलं की बांगडी रुतली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कठडा अर्धवट आहे आणि पलीकडे खडीचा उतार. मी इतकी वर्षं ते बघते आहे. आत्याने ते त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं असावं. तिचा चेहरा तिच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला.

"त्याला बसायला सांग," ती म्हणाली. "अगं सांग ना! छोट्या! खाली बस! बसून चालव! ए छोट्या!"

एवढ्या लांब काय ऐकू जाणार. बाबा डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, आणि वळणापलीकडे दिसेनासे झाले. आत्या धावत सुटली. स्कूटर शेजारी उभी होती, ती तिला दिसलीच नाही. साठी उलटलेली बाई, सायकलचे बूट घातलेली, खटखट करत त्या चढावर धावत होती आणि मी स्कूटर घेऊन मागून "आत्या, बस, मागे बस!" करत होते, ती काही ऐकेना. टाकीपाशी आली तरी तिला वळणापलीकडे बघायचा धीर होईना. डोळ्यांवर हात धरूनच तिने ते वळण पार केलं.

बाबा टाकीच्या ओट्यावर बसले होते. सायकल शेजारी टेकवलेली. तोंडातून शब्द फुटत नव्हता, छाती भात्यासारखी हलत होती, आणि चेहऱ्यावर मी त्यांच्या कुठल्याही बढतीच्या दिवशी न बघितलेलं हसू होतं. त्यांनी अंगठा वर केला.

"पास," ते कसेबसे म्हणाले.

आत्याने सणसणीत एक त्यांच्या दंडावर ठेवून दिली. मग दुसरी. मग तिथेच, ओट्यावर, त्यांच्या शेजारी बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. ती पडली तेव्हाही रडली नव्हती. बाबा दंड चोळत तिच्याकडे बघत राहिले.

"मेल्या," ती नाक पुसत म्हणाली, "तुला हे असं होतं? मी वर जाते तेव्हा?"

"हो."

"मी पडले तेव्हापासून?"

"चाळीस वर्षं होतंय, ताई," बाबा म्हणाले.

आत्याने सायकलकडे बघितलं, मग भावाकडे. "उद्या मी जाणार आहे," ती म्हणाली. पण नेहमीच्या आवाजात नाही, विचारल्यासारखं.

"जा ना," बाबा म्हणाले. "कारण सापडलंय. फक्त मागच्या ब्रेकची रबरं बदल, झिजली आहेत."

मग आत्या उठली आणि तिने सायकल वळवली. समोर सगळा उतार मोकळा होता. पण ती सायकलवर बसली नाही. हँडल धरून बाबांच्या चालीने चालायला लागली, आणि स्कूटर बंद करून मीही त्यांच्या मागे ढकलत निघाले.